डोळ्यांच्या विहिरीची वाट

विस्टनकॉट,
४ ऑक्टोबर

मेव्हिस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तीन वर्षांनी सख्ख्या बहिणीला पत्र लिहायचं तर कुणीतरी मरायलाच हवं असं थोडंच आहे!

कामाचं तेवढं लिहिते. तू ज्याला शेत विकलंस त्या डेव्हनिशने माझ्या परसाला लागून असलेल्या फाटकाला साखळी घातली आहे. वर पाटी, 'खासगी जागा. जाण्यास वाट नाही.' म्हणजे माझ्या दारावरून निघून तुमच्या (तुमच्या कसल्या, त्याच्या) दोन कुरणांतून डोळ्यांच्या विहिरीकडे आणि पुढे पत्र्याच्या प्रार्थनाघराकडे जायची वाट बंद. तुझ्या सासऱ्याच्या काळापासून लोक तिथून जात होते. तुझ्या सिरिलने जन्मात ते फाटक लावलं नव्हतं, बिजागऱ्याच मुळी गंजून बसल्या होत्या. या गृहस्थाने नव्या बिजागऱ्या बसवल्या, त्यांना तेल घातलं आणि मग कुलूप ठोकलं. लंडनचा माणूस, जे करायचं ते नीटनेटकं.

तुला दोष देत नाही. नवऱ्यामागे शेत तुझं होतं, तू विकलंस.

मला तसा काही फरक पडत नाही, उलट बरंच झालं. फिरायला येणाऱ्या त्या लोकांचा काय ताप होता तुला ठाऊक आहे. चिखलाचे बूट घेऊन दारात उभे. "जरा पाणी मिळेल का?" "विहिरीकडे हीच वाट ना?" "तुमचा कुत्रा चावत नाही ना हो?" कुत्रा शेजारच्या मिसेस गफचा, पण प्रत्येकाला सांगत बसा. एक बाई तर बाथरूम वापरायला म्हणून आत आली आणि माझ्या खुर्चीत बसून सुनेच्या कागाळ्या सांगत राहिली, शेवटी मीच तिला अंडी उकडून दिली. आता ती कटकट गेली. सकाळी उठते, चहा करते, खिडकीशी बसते. काल दिवसभरात टपालाची गाडी सोडली तर काही हललं नाही. इतकी शांतता, की फ्रिज बंद-चालू होतो तेही कळतं.

तुला कळावं म्हणून लिहिलं. बारमथची समुद्राची हवा मानवत असेल.

थेल्मा


१९ नोव्हेंबर

मेव्हिस,

उत्तर नाही आलं. काही हरकत नाही, मीही अपेक्षा केली नव्हती. टपालात गहाळ झालं असेल असं म्हणवत नाही, तीस वर्षं या गावचं पोस्ट मी चालवलं आहे.

इथे धामधूम चालू आहे. गॉर्डन टिमिस आठवतो ना, भूगोलाचा मास्तर, निवृत्त झाल्यापासून ज्याला कामाशिवाय चैन नाही? त्याने वाटेसाठी कमिटी काढली. परवा आला माझ्याकडे, हातात नकाशांच्या गुंडाळ्या, दाढीला बिस्किटाचा चुरा.

"थेल्मा, तुम्ही आमचा हुकमाचा एक्का," म्हणाला.

मी म्हटलं, "आधी बूट पुस."

तर कायदा असा आहे, की लोक एखाद्या वाटेने सलग वीस वर्षं बिनअडथळा जात-येत असले तर ती वाट सगळ्यांची होते. मग मालक बदलला काय किंवा त्याने सोन्याची साखळी लावली काय, फाटक उघडावंच लागतं. फक्त वीस वर्षं लोक जात होते हे सिद्ध करायचं. आणि ते बघितलं कुणी? खिडकीतून रोज? मीच. शिवाय ते पत्रकही माझंच. 'विस्टनकॉटच्या न पाहिलेल्या जागा'. पोस्ट बंद झालं त्या वर्षी हात रिकामे झाले म्हणून मी ते लिहिलं. त्यात ओढ्यातलं मेंढ्या धुवायचं कुंड, मोकाट गुरांचा जुना कोंडवाडा, पत्र्याचं प्रार्थनाघर, सगळं आहे. विहिरीच्या पाण्याने डोळे धुतले की दृष्टी सुधारते असंही लिहिलं, खरं-खोटं देव जाणे. आपल्या आईला काही गुण आला नाही. लुडलोच्या वाचनालयात, बसथांब्यावर, चहाच्या दुकानांत मीच नेऊन ठेवायची ते. त्या कागदाच्या आधी महिन्याला दोन माणसं जायची, नंतर रविवारी रीघ.

गॉर्डन म्हणतो, आणखी जुने साक्षीदार मिळाले असते तर बरं झालं असतं, पण ते सगळे चर्चच्या आवारात आडवे झालेत. हसला स्वतःच. मला हसू आलं नाही.

काल रविवार होता. रात्री झोपताना लक्षात आलं, की दिवसभरात मी फक्त रेडिओवरच्या हवामानवाल्याशी बोलले. तो म्हणाला, पश्चिमेकडून पाऊस. मी म्हटलं, येऊ दे बाबा.

थेल्मा


७ जानेवारी

मेव्हिस,

नाताळचं कार्ड पोचलं. छातीला लाल रंग फासलेला तो पक्षी, छापील शुभेच्छा आणि खाली 'मेव्हिस'. 'प्रिय' पण नाही. ठीक आहे. मी ते घड्याळापाशी ठेवलं आहे.

आता जे लिहिते ते नीट वाच आणि वाचून झालं की शेगडीत टाक.

जिल्हा कचेरीतून एक मुलगी आली होती, टॅम्सिन नावाची. गोड पोर. तिने कायदा पुन्हा समजावून सांगितला आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. वीस वर्षं जाणं पुरत नाही म्हणे. ते जाणं बळजबरीचं नको, चोरून नको, आणि (हे ऐक!) परवानगीने नको. मालकाला विचारून गेलात, त्याने हो म्हटलं, की तुम्ही त्याच्या मेहेरबानीने गेलात. मग वीस काय, दोनशे वर्षं जा, वाट त्याचीच.

मी म्हटलं, "पोरी, म्हणजे जो न विचारता दुसऱ्याच्या शेतात घुसतो त्याचा हक्क होतो, आणि जो सभ्यपणे विचारतो त्याचा जातो?"

ती म्हणाली, "हो मिस प्रॉसर, थोडक्यात तसंच."

"हा कायदा कुणी केला? चोरांनी?"

ती हसली. म्हणाली, "पण इथे तसा काही प्रश्न नाही ना? कुणी विचारलं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "आणखी एक केक घे."

मेव्हिस, तुला आठवतं आहे. नाही म्हणू नकोस. पत्रकं छापून आली त्या दिवशी मी तुमच्या अंगणात आले होते. सिरिल ट्रॅक्टरखाली आडवा, नुसते पाय बाहेर. तू कोंबड्यांची बादली घेऊन उभी. मी फ्रूट केक आणला होता, कापडात गुंडाळून. म्हटलं, "सिरिल, तुझ्या कुरणातून लोकांना पाठवलं तर चालेल का तुला?" आणि ट्रॅक्टरखालून आवाज आला, "येऊ देत की. फाटकाला धरून झोके घेऊ नका म्हणावं, बस." तू म्हणालीस, "केकसाठी तो शेतही देऊन टाकेल." आपण तिघंही हसलो.

झालं. त्या एका वाक्यात वाट गेली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गॉर्डनला नाही, टॅम्सिनला नाही. सिरिल बोलायला उरला नाही. उरलो तू आणि मी. मे महिन्यात गावच्या सभागृहात सुनावणी आहे, सरकारचा निरीक्षक येणार. गॉर्डन तुला पत्र घालणार आहे, कारण जुन्या मालकाची बायको म्हणून तुझ्या शब्दाला वजन. तू फक्त इतकंच म्हणायचं, की कुणी कधी विचारलं नाही. विसरलीस म्हण. आपल्या वयाला विसरण्यात काय कमीपणा?

थेल्मा


२ मार्च

मेव्हिस,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. 'मी आजवर खोटं बोललेले नाही हे तुला माहीत आहे. आणि तीन वर्षांत आठवण झाली ती यासाठी.'

बरोबर आहे, शाळेतही तू तशीच होतीस. मुख्याध्यापिकेच्या खिडकीची काच मी फोडली आणि तू मला वाचवायचं सोडून चेंडू कुठल्या बाजूने आला ते दाखवलंस.

पण दुसऱ्या ओळीचं उत्तर मी देणारच. मला तीन वर्षांत आठवण झाली नाही? आणि तू? शेत विकल्याचं मला कुठे कळलं ठाऊक आहे? खाटकाच्या गाडीपाशी. सगळ्या बायका रांगेत, आणि तो सॉसेज मोजता मोजता म्हणतो, "मग थेल्माबाई, बहीण चालली म्हणे समुद्राला!" मी म्हटलं, "हो हो, माहीत आहे मला." हसत म्हटलं. घरी येऊन ते सॉसेज मी मिसेस गफच्या कुत्र्याला घातले. तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा माझ्या खिडकीतून दिसायचा, मेव्हिस. कुरणापलीकडे. संध्याकाळी तो लागला की मी माझा लावायची. तू सामान बांधलंस, गाडी भरलीस आणि मी पडदा ओढून आत बसून राहिले. निरोप द्यायला आले नाही, ते खरं. तूही दार वाजवलं नाहीस.

आता खरं काय ते सांगते, कारण तुझ्याशी सोंग करून उपयोग नाही. ऑक्टोबरात मी लिहिलं ना, की शांतता छान आहे? छान-बिन काही नाही. मला ती शांतता खायला उठते. पोस्ट होतं तेव्हा दिवसभर माणसं. पेन्शनवाले, पार्सलवाले, उगीच डोकावणारे. ते बंद झालं आणि वाटलं संपलं आपलं. मग हे फिरणारे यायला लागले. मी त्यांना शिव्या द्यायची, पण शनिवारी रात्री केक भाजून ठेवायची आणि रविवारी सकाळपासून खिडकीत. किटली पाण्याने भरलेली. एक जोडपं दर वर्षी वूल्व्हरहॅम्प्टनहून यायचं, त्यांची मुलगी माझ्या डोळ्यांदेखत पाळण्यातून कॉलेजात गेली. त्यांचं आडनावसुद्धा मला माहीत नाही. त्यांना कसं कळवू, की वाट बंद असली तरी या?

तेवढीच वाट होती माझ्या दारावरून जाणारी. दुसरी कुठली नाही. माझं घर शेवटचं, त्यापुढे फाटक. फाटक बंद म्हणजे माझ्या दारापर्यंत यायला कुणाला काही कारणच नाही.

म्हणून विचारलं तुला. पुन्हा विचारणार नाही. आलीस तर गावात उतरायला जागा आहे, माझ्याकडे उतरायचं बंधन नाही.

थेल्मा


१५ मे, संध्याकाळ

मेव्हिस,

तू तिथे होतीस, तुला सांगण्यासारखं काही नाही. तरी लिहिते, कारण तू न थांबता गेलीस आणि माझ्या तोंडून तुला एक शब्द ऐकता आला नाही.

तू आलीस यावर माझा विश्वासच बसेना. मी चहाच्या टेबलाशी कपबशा मांडत होते आणि दार उघडून तू आत आलीस, सिरिलच्या अंत्यविधीला घातला होतास तोच निळा कोट. काठी घेतेस आता? मला माहीत नव्हतं. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस आणि गॉर्डनच्या बाजूला जाऊन बसलीस.

मग तुला बोलावलं. शपथ घ्यायला लावत नाहीत तिथे, पण समोर चर्चचे व्हिकर बसलेले, आणि तू त्यांच्याकडे न बघता निरीक्षकाकडे बघत होतीस. डेव्हनिशच्या त्या वकीलबाईने विचारलं, "मिसेस बेडोज, तुमच्या पतींकडे कुणी कधी परवानगी मागितली होती का?" आणि तू म्हणालीस, "नाही. कुणीही नाही. सिरिल वाटेला आपली समजतच नव्हता." आवाज अगदी साधा, अंड्यांचा भाव सांगावा तसा. तुझा हात मात्र काठीवर पांढरा पडला होता. ते फक्त मला दिसलं.

माझे डोळे भरून आले गं. साठ-सत्तर वर्षांत जे कधी केलं नाहीस ते तू माझ्यासाठी केलंस. मला वाटलं, संपलं आपलं भांडण. आता सुनावणी झाली की घरी नेऊन तुला जेवायला वाढायचं, सकाळीच मटणाचा पाय मंद आचेवर ठेवला होता, दोघींना पुरेल असा. आशा ठेवली होती, कबूल करते.

आणि मग माझी पाळी.

सगळं पाठ होतं. वीस वर्षं, रोज, खिडकीतून, इतकी माणसं. निरीक्षक लिहून घेत होता. मग ती वकीलबाई उठली. किती सभ्य बाई! असले गोड आवाज मला नेहमीच फसवतात. म्हणाली, "मिस प्रॉसर, तुम्ही गावच्या पोस्टमास्तर होतात. तुमचा सगळे मान ठेवतात." मी म्हटलं, "थँक यू." ती म्हणाली, "तर मला समजून घ्यायचं आहे. दुसऱ्याच्या शेतात, म्हणजे तुमच्या बहिणीच्या नवऱ्याच्या शेतात, तुम्ही छापील कागद वाटून शेकडो अनोळखी माणसं आत घातलीत. इतकी वर्षं. आणि त्या भल्या माणसाला एकदा, साध्या शेजारधर्मानेसुद्धा, विचारलं नाहीत?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. खाटीक, व्हिकर, मिसेस गफ. मला कानशिलं तापलेली कळली. मी, थेल्मा प्रॉसर! कुणाच्या अंगणातलं पडलेलं सफरचंद न विचारता उचललं नाही कधी!

"विचारलं नाही?" मी म्हटलं. "मी काय वाऱ्यावर वाढले आहे? अर्थात विचारलं! केक घेऊन गेले होते मी!"

गॉर्डनने नकाशावर डोकं टेकलं. वकीलबाई म्हणाली, "थँक यू, मिस प्रॉसर," आणि खाली बसली. आणि मी तुझ्याकडे पाहिलं.

तू माझ्याकडे बघत नव्हतीस. तू हातमोजे घालत होतीस, एकेक बोट. मग उठलीस, काठी टेकत माझ्या बाजूने गेलीस, आणि सगळ्या गावाने तुला वाट दिली. खोटारडी म्हणायला तोंड उघडावं लागत नाही इथे.

मी मागे धावले असते. पण निरीक्षक म्हणाला, "कृपया बसून घ्या, साक्ष संपलेली नाही," आणि मी बसले. त्याने सांगितलं म्हणून बसले! बाहेर आले तेव्हा तुझी टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली होती.

मटण तसंच आहे.

थेल्मा


३० जुलै

मेव्हिस,

निकाल लागला. वाट सार्वजनिक नाही. 'वापर मालकाच्या परवानगीने होता, हे मिस प्रॉसर यांच्या प्रांजळ साक्षीवरून स्पष्ट होते.' प्रांजळ म्हणे! माझ्या कबरीवर कोरा.

तुझ्याबद्दलही एक वाक्य आहे. तुला त्याची प्रत येईलच, म्हणून मीच आधी सांगते, परक्या कागदावर एकटीने वाचू नकोस. 'मिसेस बेडोज यांची साक्ष विश्वसनीय मानता येत नाही.' बस, एवढंच. छापून आलं आहे ते, जिल्हा कचेरीत कायमचं राहणार. तुझं नाव आणि ते शब्द. मी व्हिकरांकडे गेले, सांगितलं, की तिला मी सांगितलं होतं, दोष माझा. ते म्हणाले, "असू दे थेल्मा, देव सगळं जाणतो." मी म्हटलं, "देव जाणतो हो, मिसेस गफला कोण सांगणार?" त्यांनी मला आणखी चहा दिला.

गाव माझ्याशी भांडत नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. "सुप्रभात थेल्मा, हवा छान आहे." "हो, छान आहे." आणि पुढे. गॉर्डन टोपी उचलतो. पूर्वी तो फाटकाशी थांबून अर्धा तास डोकं खायचा, आता टोपी उचलतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं ना मला, एक्का म्हणून! फुलांच्या प्रदर्शनाला या वर्षी मला जॅमच्या टेबलावर बसवलं नाही. कुणी सांगितलं नाही, नुसतं दुसरं नाव होतं तिथे.

मी तीन वेळा फोन लावला. तुझ्या यंत्रावर तुझाच आवाज येतो, 'निरोप ठेवा.' मला यंत्राशी बोलता येत नाही, मी ठेवून दिला.

रागाव माझ्यावर. काहीही म्हण. पण म्हण.

थेल्मा


११ सप्टेंबर

मेव्हिस,

तुझं कार्ड मिळालं. 'त्या दिवशी मी जे केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण आता लिहू नकोस. मला तुझ्या पत्रांचा थकवा येतो.'

वाचलं. बरेचदा वाचलं.

डेव्हनिश आला होता काल. त्याने शेत घेतल्यापासून पहिल्यांदा त्याला जवळून पाहिलं. वाईट माणूस नाही गं, तेच तर दुःख आहे. उंच, जरा वाकलेला, बायको सोडून गेलेली दिसते, कोटाचं एक बटण लोंबत होतं. मला वाटलं भांडायला आला. तर दारात उभा राहून अगदी संकोचाने म्हणाला, "मिस प्रॉसर, सगळं गाव माझ्याविरुद्ध बोललं, पण तुम्ही खरं बोललात. स्वतःचं नुकसान करून. मी ते विसरणार नाही." आणि खिशातून किल्ली काढली. फाटकाची. "ही तुमच्यासाठी. तुम्ही केव्हाही जा विहिरीवर. फक्त तुम्ही. बाकी कुणाला सोडू नका, एवढीच विनंती."

मी काय म्हणावं? थँक यू म्हटलं. जिभेला दुसरं काही येतच नाही.

आज सकाळी गेले. कुलूप उघडलं, आत गेले, मागे लावून घेतलं. तुमच्या अंगणात आता फरशी आहे, कोंबड्यांचं खुराडं काढलं. विहिरीभोवती काटेरी झुडपं वाढली आहेत, पायवाट बुजत चालली. प्रार्थनाघराच्या पत्र्यावर घुबड बसलं होतं, भरदिवसा. मी पाण्यात हात घातला, डोळ्यांना लावला, थोडा वेळ दगडावर बसले. इतकी वर्षं मी लोकांना इकडे पाठवत होते आणि स्वतः किती कमी आले! मी यायची नाही, मी घरी असायची, ते परत येतील म्हणून.

परत आले तर फाटकापलीकडे माणसं. तरुण जोडपं, पाठीला पिशव्या, आणि त्या मुलीच्या हातात माझं पत्रक! पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. तिला ते एका जुन्या पुस्तकात सापडलं म्हणे, आणि त्यासाठी ते दोन बसा बदलून आले होते.

"डोळ्यांच्या विहिरीला हीच वाट ना?" तिने विचारलं.

मेव्हिस, मी त्यांच्या समोर होते. मधे फक्त फाटक. किल्ली माझ्या मुठीत होती, गरम झालेली. पंधरा मिनिटांचं काम. कुणी बघत नव्हतं, डेव्हनिश गाडी घेऊन गेलेला मी स्वतः पाहिला होता. आणि घरात केक होता.

मी म्हटलं, "माफ करा, ही वाट बंद आहे. मालकांची परवानगी नाही."

"अरेरे," ती म्हणाली. "सॉरी हं, तुम्हाला त्रास दिला. थँक यू." तो पण म्हणाला, थँक यू. आणि ते वळून गेले. मी त्यांना पाणी हवं का एवढंसुद्धा विचारलं नाही, कारण त्यासाठी मला फाटक उघडून बाहेर यावं लागलं असतं आणि किल्ली दिसली असती. ते वळणापलीकडे जाईतो मी कुरणात उभी राहिले. मग कुलूप उघडून घरी आले.

तेव्हा मला कळलं, की त्या दिवशी सभागृहात माझी जीभ घसरली नव्हती. पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच करीन. तुझा बळी देईन, त्या पोरांना परत पाठवीन, आणि वर वाटेल की आपण किती सभ्य. अशी आहे मी. तू सगळं आयुष्य खरं बोललीस, आणि एकदा वेळ आली तेव्हा माझ्यासाठी ते मोडलंस. मला कुणासाठी साधं फाटक उघडता आलं नाही.

मला फार एकटं वाटतं, मेव्हिस. फार. हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, आईलाही नाही.

तू लिहू नकोस म्हणालीस. विहिरीवरून आल्यापासून ते कार्ड समोर ठेवून बसले होते, की आता काय करावं. सांगणाऱ्याचं ऐकायचं, हेच मी जन्मभर केलं. निरीक्षकाने बस म्हटलं, बसले. डेव्हनिशने कुणाला सोडू नका म्हटलं, नाही सोडलं. तुझं मात्र ऐकणार नाही. हे पत्र मी तुझ्या मनाविरुद्ध लिहिलं आहे आणि पुढच्या महिन्यातही लिहिणार आहे. उघडू नकोस, शेगडीत टाक, परत पाठव, काय हवं ते कर.

मी तुला विचारत नाही आहे.

थेल्मा